एकाच वाऱ्याचे तीन हिशोब

गेले काही दिवस झीटा पपिस या ताऱ्याच्या स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे तरंगलांबीनुसार उलगडलेल्या प्रकाशात, डोकं घालून बसलोय. ओ टाईपचा, म्हणजे सगळ्यात तापलेल्या वर्गातला, निळा महाराक्षस, तापमान साधारण ४०,००० केल्विन, म्हणजे त्याचा बराचसा प्रकाश अतिनीलमध्ये, आणि तो आपलं वातावरण खाली येऊच देत नाही. आययूई ही अवकाश दुर्बीण १९७८ ते १९९६ चालली, तिचा जुना डेटा कुणालाही मिळतो, तोच उतरवून घेतला.

१५५० अँगस्ट्रॉमजवळची (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचं एकक) कार्बनची रेषा, म्हणजे स्पेक्ट्रममधली त्याची खूण, बघितली आणि बघतच राहिलो. उजवीकडे उंचवटा, डावीकडे रुंद खड्डा, तळ जवळजवळ शून्याला टेकलेला. याला पी सिग्नी प्रोफाईल म्हणतात. ताऱ्याच्या समोरून आपल्याकडे येणारा वायू प्रकाश गिळतो, तो निळ्या बाजूला सरकून दिसतो म्हणून खड्डा डावीकडे, आणि आजूबाजूचा वायू जो प्रकाश विखुरतो त्याचा उंचवटा. खड्डा साधारण साडेअकरा अँगस्ट्रॉम डावीकडे जातो, म्हणजे ताऱ्यातून सतत बाहेर उडणारा हा वायू, ताऱ्याचा वारा, सेकंदाला २,२०० किलोमीटरच्या वर! आणि त्याला ढकलतो कोण, तर ताऱ्याचा स्वतःचा प्रकाशच.

वेग कळला, पण वर्षाला किती वस्तुमान उडून जातं? इथे खरी गोची आहे. कार्बनची रेषा आधीच काळीठिक्कर, वायू दुप्पट केला तरी ती फारशी बदलणार नाही. हायड्रोजनची लाल एच-अल्फा रेषा जमिनीवरून दिसते, पण ती घनतेच्या वर्गावर चालते (घनता दुप्पट तर उजेड चौपट), त्यामुळे वारा गुठळ्या-गुठळ्यांचा असला की तेवढ्याच वायूतून जास्त उजळ दिसते आणि आपला आकडा फुगतो. फॉस्फरस मुळात कमी, त्याची ११२० अँगस्ट्रॉमच्या आसपासची जोडी काळी पडत नाही, आणि ती मात्र बराच कमी आकडा सांगते. (तिच्यातही गुठळ्यांची भानगड आहेच, पण उलट्या दिशेने, कारण दाट गुठळीत प्रकाश अडकतो आणि मधल्या फटींतून निसटतो.)

म्हणून मला एक्स-रे सगळ्यात आवडतात. वाऱ्यातले धक्के वायू लाखो अंश तापवतात, पलीकडच्या बाजूचे एक्स-रे जास्त वाऱ्यातून येतात म्हणून जास्त शोषले जातात, आणि रेषा निळ्या बाजूला कलते. चंद्रा या एक्स-रे अवकाश दुर्बिणीच्या स्पेक्ट्रममध्ये हा कल दिसतो, पण एच-अल्फाच्या जुन्या आकड्यावरून जेवढा यायला हवा तेवढा नाही, म्हणजे वारा त्या आकड्याइतका दाट नाही.