मदत आली, पण उतरवायची कुठे?

२९ ऑगस्ट २००५ ला कतरिना चक्रीवादळ लुइझियानाच्या किनाऱ्यावर धडकलं, न्यू ऑर्लिन्सचे बांध फुटले आणि शहराचा जवळपास ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. दीडशेच्या वर देश आणि आंतरराष्ट्रीय संस्था अमेरिकेच्या मदतीला सरसावल्या. कुवेतने ५० कोटी डॉलर देऊ केले, त्यातला मोठा हिस्सा तेलाच्या रूपात. बांगलादेशने १० लाख डॉलर दिले. आठ महिन्यांपूर्वीच त्सुनामीने उद्ध्वस्त केलेल्या श्रीलंकेनेही २५ हजार डॉलर काढून ठेवले.

‘एवढ्या श्रीमंत देशाला कशाला हवी मदत?’ असं तेव्हा खूप जण म्हणाले, आणि अशा प्रत्येक आपत्तीनंतर म्हणतात. मला श्रीमंत देशाची अडचण वेगळ्याच जागी दिसते. त्याच्याकडे पैसा असतो, गोदामं भरलेली असतात, डॉक्टर असतात, पण मदत घ्यायची सवय नसते. दुसऱ्या देशांना मदत पाठवण्याचा अमेरिकेला कित्येक दशकांचा अनुभव होता. तीच मदत स्वतःच्या दारात उतरवून घ्यायची लेखी पद्धत मात्र २००५ मध्ये जवळजवळ नव्हतीच. शेवटी परदेशांत मदत वाटणाऱ्या खात्यालाच बोलावून आर्कान्सामधल्या लिटल रॉक हवाई तळावर माल उतरवायची व्यवस्था उभी करावी लागली. भारताचं आयएल-७६ विमान ताडपत्र्या, ब्लँकेटं आणि स्वच्छतेचं सामान मिळून सुमारे २५ टन माल घेऊन तिथेच उतरलं.

देऊ केलेली मदत आणि पोचलेली मदत यांच्यात बरंच अंतर असतं. देणाऱ्या देशाची वकिलात पत्र देते, ते परराष्ट्र खात्याकडे जातं, तिथून आपत्ती यंत्रणेकडे. मग अन्न असेल तर कृषी खातं, औषध असेल तर औषध नियामक, सैनिक असतील तर संरक्षण खातं. त्यानंतर प्रांताला किंवा जिल्ह्याला विचारायचं, हे तुम्हाला हवं आहे का? ‘हो’ आलं की विमानाला उतरायची परवानगी, कस्टम्सची सूट, आणि माल ताब्यात घेणाऱ्याचं नाव. यातली एक पायरी गाळली, तरी विमान येतंच. पुढे गाडी अडते.

ब्रिटनहून आलेल्या जेवणाच्या पाकिटांचं हेच झालं. सप्टेंबरच्या सुरुवातीला अमेरिकेने युरोपकडे ब्लँकेटं, प्रथमोपचाराच्या पेट्या, पाण्याचे टँकर आणि ५ लाख तयार जेवणं मागितली. ब्रिटनने लष्करी शिध्याची लाखो पाकिटं विमानाने पाठवली. मॅड काऊ रोगामुळे ब्रिटिश गोमांस अमेरिकेत आणायला बंदी होती, आणि त्या पाकिटांत गोमांस होतं. कृषी खात्याचे निरीक्षक आले तेव्हा माल उतरून झालेला होता. नियम मोडायची कोणाची तयारी नव्हती, परत पाठवायचा खर्च कोणी करायचा ते ठरलं नव्हतं. पाकिटं गोदामात पडून राहिली, भाडं चढत गेलं आणि शेवटी ती दुसऱ्या गरजू देशांना देऊ केली गेली. यात मला ब्रिटनचा दोष दिसत नाही, निरीक्षकांचाही नाही. मागणीच्या पत्रात ‘गोमांस नको’ एवढं एक वाक्य हवं होतं. मागणी लिहिणाऱ्याच्या शेजारी कृषी खात्याचा एक माणूस बसवला असता, तर ते लिहिलं गेलं असतं.

पैशाचं सोपं असेल असं वाटतं, तेही नसतं. रोख आणि तेल धरून जगाने देऊ केलेली रक्कम होती ८५ कोटी ४० लाख डॉलर. २००५ संपेपर्यंत ३६ देशांकडून प्रत्यक्ष जमा झाले १२ कोटी ६० लाख. त्यातले ६ कोटी ६० लाख आपद्ग्रस्त कुटुंबांना घर, काम, कागदपत्रं मिळवून देणाऱ्या समाजसेवकांच्या कार्यक्रमासाठी गेले. उरलेले सुमारे ६ कोटी बिनव्याजी सरकारी खात्यात पडून राहिले आणि मार्च २००६ मध्ये शिक्षण खात्याकडे वळवले गेले. सरकारी तिजोरीत आलेला पैसा कोणत्या कायद्याखाली, कोणाच्या सहीने खर्च करायचा हे आधी ठरलेलं नसेल, तर वादळानंतर ते ठरवायला महिने जातात. भारताने आपले ५० लाख डॉलर अमेरिकन रेडक्रॉसला दिले. मला हा मार्ग जास्त पटतो, कारण खर्चाची यंत्रणा तिथे आधीपासून चालू असते.

तेलाचा पैसा नीट वापरल्याचं उदाहरण जपानमध्ये आहे. ११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर कुवेतने ५० लाख बॅरल कच्चं तेल दिलं. ते जपानच्या तेल कंपन्यांनी घेतलं आणि त्याची किंमत जपानी रेडक्रॉसमार्फत इवाते, मियागी आणि फुकुशिमा या तीन प्रांतांकडे गेली. सानरिकू किनाऱ्यावरच्या छोट्या रेल्वेने त्यातून नवे डबे घेतले. त्या डब्यांवर कुवेतचे आभार अरबीतही लिहिले आहेत.

वस्तूंमध्ये श्रीमंत देशाला खरोखर उपयोगी पडतात त्या दुर्मीळ आणि चालवणाऱ्या माणसांसकट आलेल्या वस्तू. न्यू ऑर्लिन्सला जर्मनीच्या टेक्निशेस हिल्फ्सव्हेर्क या सरकारी आपत्ती-मदत संस्थेची माणसं मोठे पंप घेऊन गेली. मिनिटाला ५,००० लिटर उपसणारा पंप तासाला ३०० घनमीटर पाणी काढतो. एक चौरस किलोमीटरवर एक मीटर पाणी म्हणजे १० लाख घनमीटर. एका पंपाला न थांबता १३९ दिवस लागतील, वीस पंपांना सात. म्हणून ‘दोन पंप पाठवतो’ यापेक्षा ‘वीस पंप, चालक, दुरुस्तीवाले आणि सुटे भाग पाठवतो’ हे ऐकणाऱ्याच्या कामाचं असतं. जोडणीचंही आधीच पाहावं लागतं. जर्मनीत होस पाइपला श्टोर्त्स नावाचं कपलिंग, म्हणजे जोड, असतं, दोन्ही तोंडं सारखी आणि थोडा वळसा दिला की बसणारी. अमेरिकेतल्या अग्निशमन दलाच्या बहुतेक पाइपांना आटे असतात, एक नर, एक मादी. दोन्ही एकमेकांना बसत नाहीत. मधला अडॅप्टर हातभर सुद्धा नसतो, पण तो पेटीत नसेल तर पंप धक्क्यावर उभा राहतो.

विजेची गोष्ट तशीच. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. जपानमध्ये १०० व्होल्ट, आणि देशाच्या पूर्व भागात ५० तर पश्चिमेत ६० हर्ट्झ. २२० व्होल्टची वैद्यकीय यंत्रं नेणाऱ्या पथकाने ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर बरोबर न्यावा, तिथे मिळेल असं धरून चालू नये.

विमानातून बाटलीबंद पाणी पाठवणं मला सगळ्यात वाईट वाटतं. एक लिटर म्हणजे एक किलो. २५ टनांत फार तर २५ हजार लिटर, माणशी तीन लिटर धरले तर आठ हजार लोकांना एका दिवसापुरतं. त्याच वजनात तासाला ५,००० लिटर शुद्ध करणारा संच, पाइप, टाक्या आणि माणसं सहज बसतात, आणि तो वीस तास चालला तर दिवसाला १ लाख लिटर देतो. मेक्सिकोने हे ओळखलं होतं. त्यांच्या लष्कराचा ताफा ८ सप्टेंबर २००५ ला लारेडोहून सीमा ओलांडून सॅन अँटोनिओला गेला, तेव्हा त्यात फिरती स्वयंपाकघरं आणि पाणी शुद्ध करायची यंत्रणा होती. स्वतःचं इंधन, स्वतःचे स्वयंपाकी, स्वतःची राहायची सोय. सुमारे १ लाख ७० हजार जेवणं वाढून ते परतले. १८४६ मध्ये सुरू झालेल्या अमेरिका-मेक्सिको युद्धानंतर मेक्सिकोचं सैन्य पहिल्यांदाच कामगिरीवर अमेरिकेच्या जमिनीवर येत होतं, तरीही हे जमलं.

शोध आणि बचाव पथकांचं गणित वेळेचं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीतल्या इन्साराग या जाळ्यात पथकांचं वर्गीकरण असतं. ‘हेवी’, म्हणजे सगळ्यात मोठ्या वर्गातल्या, पथकाने ४८ तासांच्या आत पोचून दोन ठिकाणी एकाच वेळी, रात्रंदिवस, दहा दिवस काम करावं आणि यजमानाकडून अन्न, पाणी किंवा निवारा मागू नये, अशी अपेक्षा असते. पण ढिगाऱ्यातून जिवंत निघणारे बहुतेक जण पहिल्या काही तासांत शेजाऱ्यांच्याच हातून निघतात. १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपात स्वित्झर्लंडची शोधक कुत्री तिसऱ्या दिवशी पोचली, त्यांच्या क्वारंटाइनचा प्रश्नही आडवा आला होता. तो धडा घेऊन २०११ मध्ये जपानने कुत्र्यांना लवकर आत घेतलं. पण तिथे आपत्तीचा प्रकारच निराळा होता. त्सुनामीत नव्वद टक्क्यांहून जास्त मृत्यू बुडून झाले, त्यामुळे काँक्रीट कापणाऱ्या यंत्रांना फारसं काम उरलं नाही. भारताच्या एनडीआरएफचं ४६ जणांचं पथक मियागीतल्या ओनागावात गेलं, ते चिखल आणि लाकडांच्या राशीत मृतदेह शोधायला. तेही काम लागतंच. घरच्यांना देह मिळणं ही छोटी गोष्ट नव्हे.

परदेशी डॉक्टरांना जपानी परवाना नसतो. २०११ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने आवश्यक तेवढ्या उपचारांना मुभा देणारं पत्रक काढलं आणि इस्रायलच्या पथकाने मिनामिसानरिकूत एक्स-रे आणि प्रयोगशाळेसह दवाखाना मांडला. जपानी डॉक्टर बरोबर होते म्हणून तो चालला. रुग्णाचा इतिहास जपानीत, औषधांची नावं जपानीत, पुढचा पाठपुरावाही तिथल्याच डॉक्टरकडे. जाताना पथकाने सामान तिथेच ठेवलं.

कधी नेमकी एकच वस्तू हवी असते. त्सुनामीत बिघडलेल्या फुकुशिमाच्या अणुभट्टीत वापरून झालेलं इंधन ठेवायच्या टाकीत वरून पाणी सोडायचं होतं आणि अग्निशमनाचे बंब पुरत नव्हते. बांधकामावर काँक्रीट चढवणारे पंप तिथे कामाला आले. जर्मन बनावटीचा ५८ मीटर लांब हाताचा एक, आणि चीनच्या सानी कंपनीने दिलेला ६२ मीटरचा दुसरा. अशी मदत यायची तर गरज मांडणाऱ्याने ‘यंत्रसामग्री पाठवा’ असं न लिहिता उंची, पोच आणि मिनिटाला किती पाणी, हे लिहावं लागतं.

देणाऱ्याच्या पत्रात मला काय दिसायला हवं? नगांची संख्या, पॅकिंगसह वजन, आकारमान, सगळ्यात लांब तुकडा किती लांब. पॅलेटवर, म्हणजे यंत्राने उचलता येणाऱ्या फळ्यांच्या चौकटीवर, आहे की सुटं. सुटा माल हातांनी उतरवावा लागतो आणि तेवढा वेळ धावपट्टीवरची जागा अडते. औषध असेल तर घटकाचं नाव, मुदत, लेबलाची भाषा. जनरेटरच्या टाक्या रिकाम्या आहेत का, क्लोरीनच्या गोळ्या आणि लिथियम बॅटऱ्या धोकादायक माल म्हणून वेगळ्या दाखवल्या आहेत का, कारण नाहीतर विमानात चढवतच नाहीत. विमानतळापासून पुढचं भाडं कोण देणार. उरलेल्या वस्तूचं काय करायचं. आणि एका माणसाचं नाव, जो रात्री तीन वाजता फोन उचलेल.

घेणाऱ्याने नाही म्हणायलाही शिकायला हवं, आणि लवकर. क्युबाने २००५ मध्ये १,५८६ डॉक्टर तयार ठेवले होते. अमेरिकेने ते बोलावले नाहीत. राजकारण समजू शकतं, पण तिष्ठत ठेवलेलं पथक दुसरीकडेही जाऊ शकत नाही. ‘आज नको, पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारू’ हे दोन ओळींचं उत्तर चोवीस तासांत जावं. कतरिनानंतर अमेरिकेने परदेशी मदत स्वीकारण्याची लेखी कार्यपद्धती बनवली, त्यात परराष्ट्र खातं, आपत्ती यंत्रणा आणि परदेशी मदतीचं खातं यांची कामं वाटून दिली.

ज्यांचे करार आधीपासून असतात त्यांना हे पत्रव्यवहार करावेच लागत नाहीत. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका यांचे वणवे विरुद्ध ऋतूंत पेटतात, म्हणून २००० पासून दोघांचे अग्निशामक एकमेकांकडे जातात. हुद्द्यांची नावं, आदेशाची साखळी, विमा, जखमी झाल्यास भरपाई, सगळं ठरलेलं. ऑस्ट्रेलियातल्या २०१९-२० च्या वणव्यांत फिजीचे ५४ लष्करी अभियंते आले, वानुआतूने २ कोटी वातू (तिथलं चलन) दिले. २३ जानेवारी २०२० ला पाणी टाकणारं सी-१३० विमान न्यू साउथ वेल्समध्ये कोसळून तीन अमेरिकन वारले.

न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला २२ फेब्रुवारी २०११ ला भूकंप झाला. कोसळलेल्या सीटीव्ही इमारतीत ११५ जण गेले, त्यात जपानी विद्यार्थी होते, आणि जपानचं बचाव पथक तिथे ढिगारा उपसायला आलं होतं. सतरा दिवसांनी जपानमध्ये त्सुनामी आली. न्यूझीलंडचं पथक, जे अजून आपल्याच शहराचा ढिगारा उपसत होतं, सामान बांधून जपानला निघालं.