उलट्या ठोंबांतली बोराटी

मी वनरक्षक. गेल्या हिवाळ्यात आमच्या बीटात, म्हणजे माझ्या राखणीच्या रानात, घाणेरी (लँटाना, रान व्यापणारं बाहेरचं झुडूप) काढायचं काम होतं. मजूर लावायचे, फोटो काढायचे, हेक्टर मोजून वहीत चढवायचे, हे सगळं माझ्याकडे. घाणेरी नुसती छाटली तर दुप्पट फुटते. म्हणून बोटभर माती उकरून, फुटवा येतो त्या जागेच्या खाली कुदळ घालायची आणि ठोंब मुळं वर करून उलटा ठेवायचा. हे मी एकेकाजवळ बसून शिकवलं. वरवर भादरून बिल काढणारेही पाहिलेत, पण आम्ही त्यातले नव्हे.

काम संपत आलं तेव्हा नाल्याकाठी चितळांची बसायची जागा दिसली. गवत दबलेलं आणि त्यात बोराच्या आठळ्यांचा छोटा ढीग. गर अजिबात नाही, चाटूनपुसून स्वच्छ. लेंड्यांत त्या सापडत नाहीत. चितळ बोर गिळतं आणि सावलीत रवंथ करताना टणक आठळी तोंडातून टाकून देतं. बोराटीची, म्हणजे रानबोरीच्या झुडपाची, पेरणी अशीही होते.

मग जवळ बोराटी शोधली. सापडली ती उलटी, घाणेरीच्या ठोंबांच्या रांगेत. घाणेरीची काडी चौकोनी, पान चुरगाळलं की उग्र वास. या पानांना खालून पांढरट लव होती. पेरावर दोन काटे, एक सरळ, एक आकडीसारखा. दोन-चार सुरकुतलेली बोरं अजून फांदीला. असे बोराटीचे ठोंब अकरापर्यंत मोजले, मग सोडून दिलं.

टोळीतल्या मावशींना विचारलं.

"तुमीच त म्हटलं न जी, काट्याचं सारं काढा."

म्हटलं होतं खरं. पहिल्या दिवशी, घाईत.

"पण बोराटी ओळखली नाही?"

"वळखली ना. पण तुमी साहेब."

वरिष्ठांना सांगितलं, तर "हेक्टर पूर्ण झाले ना?" वहीत घाणेरीला रकाना आहे, बोराटीला नाही. फोटोत मोकळं रान झकास दिसतं, आणि मोकळ्या रानात पर्यटकांना वाघही लवकर दिसतो.

कोयत्यानं तोडली असती तर पावसाळ्यात बोराटी पुन्हा फुटली असती. मी शिकवल्याप्रमाणे काढलेली फुटणं अवघड.

आता कुदळ लागायच्या आधी मावशी पुढे जातात आणि ठेवायच्या झुडपांना लाल चिंध्या बांधतात. परवा चिंध्या संपल्या, तर काम दुपारपर्यंत थांबवलं. त्याचा खुलासा अजून लिहायचा आहे.