फुकट वाटलं जाणारं मासिक बंद पडतं तेव्हा

मराठी मासिक बंद झालं की पहिला प्रश्न वर्गणीचा येतो. उरलेल्या अंकांचे पैसे मिळणार का, आजीव वर्गणीदारांचं काय करायचं, दिवाळी अंकाची आगाऊ नोंदणी केलेल्यांना काय सांगायचं. संपादकाला शेवटच्या अंकात वाचकांपुढे हिशेब मांडावा लागतो. लंडनमध्ये एखाद्या भागाचं मोफत मासिक बंद होतं तेव्हा यातलं काहीच होत नाही. वाचकाने पैसे भरलेले नसतात, म्हणून त्याचं कुणी काही देणं लागत नाही. एका महिन्यात दाराच्या फटीतून अंक आत पडत नाही, पुढच्या महिन्यातही पडत नाही, मग कधीतरी शेजारी विचारतो, अलीकडे ते मासिक येत नाही का?

घरं, बागा, शाळा, नवी उपाहारगृहं, स्थानिक कलाकारांच्या मुलाखती असा मजकूर असलेलं, गुळगुळीत कागदावरचं हे मासिक घरोघरी टाकलं जातं. त्याचे थोरले भाऊ स्टेशनांच्या दारात हातात दिले जात. शहरातल्या कार्यक्रमांची माहिती देणारं ‘टाइम आउट’ १९६८ मध्ये टोनी एलियट यांनी सुरू केलं, ते चव्वेचाळीस वर्षं विकलं गेलं, २०१२ मध्ये मोफत झालं आणि जून २०२२ मध्ये लंडनची छापील आवृत्ती थांबली. ‘एनएमई’ हे संगीताचं साप्ताहिक २०१५ मध्ये मोफत झालं, मार्च २०१८ मध्ये छापील साप्ताहिक म्हणून संपलं. ‘शॉर्टलिस्ट’ हे पुरुषांसाठीचं साप्ताहिक पहिल्या अंकापासून मोफतच होतं. २००७ ते २०१८ एवढं त्याचं आयुष्य. ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ हे १८२७ पासूनचं दैनिक २००९ मध्ये मोफत झालं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याची रोजची आवृत्ती बंद होऊन साप्ताहिक उरलं. बंद करताना त्यांनी दिलेल्या कारणांत भुयारी रेल्वेतलं वायफाय आणि घरून काम करण्याची पद्धत ही दोन होती. पूर्वी भुयारात शिरलं की फोन मुका होई आणि छापलेलं काहीतरी वाचण्यावाचून गत्यंतर नसे. ती वीस-पंचवीस मिनिटं हाच या सगळ्यांचा खरा बाजार होता.

घरोघरी जाणाऱ्या मासिकाचं मरण मात्र वेगळं असतं, आणि ते कागदाच्या हिशेबात आधी दिसतं.

ए-फोर आकाराचं, आतली ९६ पानं ९० जीएसएमची (म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन ९० ग्रॅम) आणि मुखपृष्ठ २५० जीएसएमचं, असा अंक धरा. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे सहा फर्मे. आतल्या कागदाचं वजन २७० ग्रॅम, कव्हरचं तीसएक ग्रॅम, एक प्रत ३०० ग्रॅमची. वीस हजार प्रती म्हणजे सहा टन कागद, दर महिन्याला, आणि तोही कुणी विकत न घेणारा. विकत जाणाऱ्या मासिकाची जादा प्रत छापली तर निदान तिची थोडी किंमत परत येते. मोफत मासिकाची प्रत्येक जादा प्रत हा शुद्ध खर्च, जाहिरातीचा दर वाढवता आला तरच तो भरून निघतो. म्हणून वाचक वाढले तरी मासिक बुडू शकतं. ही गोष्ट वाचकांना पटत नाही. सगळे वाचत होते, मग बंद का झालं, असं ते विचारतात. सगळे वाचत होते हे खरंच असतं.

जाहिरातीचं आणि मजकुराचं प्रमाण साधारण निम्मं-निम्मं ठेवावं लागतं. जाहिराती साठ टक्क्यांपर्यंत गेल्या तरी चालतं. त्यापुढे अंक पत्रकासारखा दिसू लागतो आणि लोक तो न उघडता टाकून देतात. या जाहिरातींत सर्वांत मोठा वाटा घरांच्या दलालांचा असे. महिन्याला एकेका दलालाची चार-चार पानं, शिवाय दुसरं आणि चौथं कव्हर, म्हणजे मुखपृष्ठाची आतली बाजू आणि अंकाची मागची बाहेरची बाजू. ‘राइटमूव्ह’सारखी संकेतस्थळं २००० पासून आली आणि घर शोधणारा माणूस तिकडे गेला. तरी दलाल बरीच वर्षं मासिकात राहिले, कारण त्यांना घर विकणारे मालक हवे होते आणि मालकाला आपल्या गल्लीत दलालाचं नाव छापलेलं दिसावं लागे. पुढे तो खर्चही नकाशांवरच्या आणि समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींकडे वळला. मग उरतात खासगी शाळा, स्वयंपाकघरं बसवून देणारे, दंतवैद्य. शाळा प्रवेशाच्या हंगामापुरत्याच जाहिराती देतात. त्यावर बारा अंक उभे राहत नाहीत.

जाणकाराला मासिकाची घसरण आधीच कळते. आधी एक फर्मा कमी होतो. वीस हजार प्रतींवर त्यात ९०० किलो कागद वाचतो. मग दुसरा कमी होतो. पानं चौसष्टच्या आसपास आली की पाठ इतकी बारीक होते की डिंकाची बांधणी धरत नाही, पानं सुटतात, म्हणून पिना मारायला सुरुवात होते. त्यानंतर ‘जुलै-ऑगस्ट’ असा जोडअंक निघतो. उजव्या हाताच्या पानांवर मासिकाच्या स्वतःच्याच जाहिराती दिसू लागतात, ‘इथे तुमची जाहिरात’ अशा. उजवं पान सगळ्यात महाग. ते रिकामं राहिलं म्हणजे विक्री करणाऱ्यांच्या हातात त्या महिन्यात काहीच नव्हतं. शेवटी वाटपाचे विभाग गुपचूप कमी केले जातात. प्रतींचा आकडा मात्र दरपत्रकावर जुनाच राहतो, आणि इथेच जाहिरातदाराचा विश्वास जातो.

वाटपाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्याकडे हा भाग सगळ्यात सोपा समजला जातो. रस्त्यात उभं राहून मोफत छापील मजकूर वाटायलाही इंग्लंडमध्ये परवानगी लागू शकते. २००५ च्या स्वच्छ परिसर कायद्याने स्थानिक नगरपालिकांना तो अधिकार दिला. पालिका एखादा भाग ठरवून जाहीर करते. तिथे वाटायचं तर आधी अर्ज, शुल्क, आणि परवाना. परवान्याशिवाय वाटलं तर न्यायालयात अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. धर्मादाय, धार्मिक आणि राजकीय मजकुराला सूट आहे. इमारतीच्या आत ठेवलेल्या किंवा पत्रपेटीत टाकलेल्या प्रतींनाही हा नियम लागत नाही. नियम मुळात कचऱ्यासाठी केला, आणि लग्नाच्या हॉलपासून क्लासेसपर्यंतच्या पत्रकांनी भरलेले आपले चौक आठवले की त्याचं मोल कळतं. पण एका छोट्या प्रकाशकाला चार पालिकांचे चार वेगवेगळे अर्ज आणि चार शुल्कं भरावी लागतात, हेही तितकंच खरं. त्यामुळे छोटी मासिकं पत्रपेटीचाच रस्ता धरतात.

आणि पत्रपेटीत अडचणी असतातच. इमारतीचं मुख्य दार कुलूपबंद असतं. ‘जाहिराती टाकू नका’ अशी पट्टी असते. वाटणारा थकून शेवटचा गठ्ठा एकाच ठिकाणी टाकून देतो. म्हणून वाटप करणाऱ्या कंपन्या माणसाच्या खिशात जीपीएस देतात आणि नंतर काही घरांत जाऊन अंक पोचला का ते विचारतात. हा तपास स्वस्तात उरकला की तक्रारी येतात.

रद्दीचा फरकही इथेच येतो. महाराष्ट्रात वीस हजार गुळगुळीत प्रती फुकट वाटायला दिल्या तर त्यातले काही गठ्ठे वाटपाआधीच रद्दीच्या काट्यावर जातील, कारण कागदाला भाव आहे. आपल्याकडे अंकावर छापलेली किंमत, अगदी नाममात्र असली तरी, प्रतीचं रक्षण करते असं मला वाटतं. लंडनमध्ये घरातल्या जुन्या कागदाचे कुणी पैसे देत नाही, तो पुनर्वापराच्या डब्यात जातो. फुकट मासिकाचा धंदा इथे रुजला त्यामागे हेही एक कारण असावं.

बंद करायचा निर्णय झाला की पुढची कामं ठरलेली असतात. पुढच्या अंकाचा कागद मागवला असेल तर तो आधी थांबवायचा. बारा जाहिरातींचं पॅकेज आगाऊ घेतलेल्यांची यादी काढायची. वीस किंवा त्याहून जास्त नोकऱ्या जात असतील तर निदान तीस दिवस आधी कर्मचाऱ्यांशी सल्लामसलत सुरू करावी लागते. शंभर किंवा त्याहून जास्त असतील तर पंचेचाळीस. स्थानिक मासिकात सहा-सात माणसं असतात, त्यामुळे हा नियम त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. कंपनी दिवाळखोरीत गेली तर पगारी माणसांना मागच्या चार महिन्यांच्या थकलेल्या पगारापैकी ८०० पौंडांपर्यंत अग्रक्रम मिळतो. बाहेरून लिहिणारे, फोटो काढणारे, आणि बहुतेक वेळा सगळ्यात मोठी बाकी असलेला छापखाना, हे रांगेच्या शेवटी उभे राहतात. बाहेरच्या लेखकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी: हक्क लेखी दिले नसतील तर लेखाचे हक्क त्याचेच राहतात. मासिक बुडालं म्हणून लेख बुडत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हे लिहायला घेतलं त्याकडे येते. ब्रिटनमध्ये छापून प्रसिद्ध झालेल्या प्रत्येक अंकाची एक प्रत, प्रसिद्धीपासून एक महिन्याच्या आत, प्रकाशकाने स्वखर्चाने ब्रिटिश लायब्ररीला द्यायची असते. २००३ चा कायदा आहे, पण प्रथा सतराव्या शतकातली. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाने लंडनच्या मुद्रकांशी असा करार १६१० मध्ये केला होता. अंकाला किंमत आहे की नाही हा प्रश्नच कायदा विचारत नाही. लोकांना दिलं, म्हणजे प्रसिद्ध झालं. प्रतही छापलेल्यांतल्या उत्तम प्रतींच्या दर्जाची हवी, डाग पडलेली चालत नाही. ऑक्सफर्ड, केंब्रिज, स्कॉटलंड, वेल्स आणि डब्लिनचं ट्रिनिटी कॉलेज ही आणखी पाच ग्रंथालयं मागतील तर त्यांनाही द्यायची. दंतवैद्याच्या जाहिरातीसकट, गल्लीतल्या नव्या बेकरीच्या फोटोसकट, सगळं जपायचं. पन्नास वर्षांनी कुणाला या गल्लीत कोण राहत होतं, काय खात होतं, घराची किंमत काय सांगत होते हे शोधायचं असेल तर मोठ्या दैनिकात ते सापडणार नाही. ते या मासिकाच्या मागच्या पानांत सापडेल. जाहिरातींच्या पुडक्याचं एवढं काय कौतुक, असं कुणी म्हणेल. जुन्या मराठी मासिकांतल्या साबणाच्या आणि औषधांच्या जाहिराती आज आपण किती बारकाईने वाचतो ते आठवावं.

कायदा आपल्याकडेही आहे, १९५४ चा. पुस्तकाची प्रत तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना द्यायची. मुंबईत ती टाउन हॉलमधल्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाते. १९५६ मध्ये नियतकालिकंही त्यात आली. न दिल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत. आजच्या काळात या रकमेला कोण घाबरणार? तरीही आपलं मासिकांचं धन टिकलं ते ठाण्याच्या १८९३ च्या आणि मुंबईच्या १८९८ च्या मराठी ग्रंथसंग्रहालयांमुळे, गावोगावच्या वाचनालयांमुळे, बांधून ठेवलेल्या दिवाळी अंकांमुळे. लोकांनी वर्गणी काढून, देणग्या मागून ही घरं उभी केली. १९०९ च्या ‘मनोरंजन’च्या दिवाळी अंकापासूनची परंपरा आपण सांगू शकतो ती त्यांच्या जिवावर. लंडनच्या मोफत मासिकाला असे वाचक नाहीत, त्याला फक्त कायदा आहे.

आणि तो कायदाही प्रकाशकाने पाळला तरच. लहान प्रकाशकांना तो बरेचदा माहीतच नसतो. संकेतस्थळांसाठी २०१३ पासून वेगळे नियम आहेत, पण साठवलेली पानं बहुतांशी ग्रंथालयाच्या इमारतीत बसूनच पाहता येतात, आणि ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यानंतर तो संग्रह दीर्घकाळ बंद राहिला. त्यात बरीच मासिकं जुने अंक पडद्यावर पानं उलटून वाचता येतील अशा रूपात, दुसऱ्याच कंपनीच्या संकेतस्थळावर ठेवतात. तिथलं भाडं थकलं की सगळे अंक एकदम जातात. मासिक बंद करणाऱ्याने छापखान्याला पाठवलेल्या मूळ पीडीएफ काढून घ्याव्यात, लायब्ररीकडे कोणते अंक आहेत ते सूचीत तपासावं आणि राहिलेले पाठवावेत. उशीर झाला म्हणून ते नाकारत नाहीत.

परदेशातल्या मराठी मंडळांच्या स्मरणिका, गणेशोत्सवाचे विशेषांक, हौसेने काढलेले दिवाळी अंक हेही सगळे जाहिरातींवर छापलेले आणि फुकट वाटलेलेच असतात. ब्रिटनमधल्या मंडळांनी त्यांची एक प्रत वेस्ट यॉर्कशायरमधल्या बॉस्टन स्पा इथल्या ब्रिटिश लायब्ररीच्या लीगल डिपॉझिट (कायद्याने द्यायच्या प्रती स्वीकारणाऱ्या) कार्यालयाला टपालाने पाठवावी. मुखपृष्ठावर वर्ष आणि अंक क्रमांक छापावा, आत प्रकाशकाचं नाव आणि पत्ता द्यावा, आणि शीर्षक देवनागरीबरोबर रोमन लिपीतही असावं, म्हणजे सूचीत नोंद करणाऱ्याला अडत नाही. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, तिथेच, विनामूल्य मिळतो. पहिला अंक छापायला जाण्याआधी मागितला तर कव्हरवर घालता येतो.