टूरिंगच्या गाडीसाठी कॅमशाफ्ट निवडताना: एक आकडा मिळता मिळेना

कॅम, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारी दांडी, बसला, गाडी मस्त चालते आहे. पण तो कॅम विकणारा दुकानदार आठवला की अजून डोकं तापतं. मला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती: पिस्टन तळाला जाऊन वर निघाल्यावर इनटेक व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोल आत घेणारी झडप) इंजिन किती डिग्री फिरल्यावर बंद होतो?

गाडी इंटरसेप्टर 650. वॉरंटी संपेपर्यंत इंजिनाला हात लावायचा नाही, हे ठरलेलंच होतं. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. मागे बायको, दोन्ही अंगाला बॅगा. समृद्धीवर दुचाकीला बंदी, त्यामुळे फिरणं जुन्याच रस्त्यांनी. हंगामात समोर कापसाचा ट्रॅक्टर, त्याच्यापुढे ट्रक आणि पलीकडून येणारी एसटी. अशा ठिकाणी ओव्हरटेक होतो तो तीन ते साडेचार हजार आरपीएममध्ये. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढतानाही तेच. कंपनीच्या गाडीत 52 न्यूटन मीटर टॉर्क आहे, पण पूर्ण मिळतो सव्वापाच हजारांच्या आसपास. मला मधल्या पट्ट्यात थोडी जास्त ओढ हवी होती. टॉप स्पीड घेऊन आमच्या रस्त्यावर करायचं काय?

फोन लावला. "सर, स्टेज टू कॅम घ्या, डोळे झाकून. सगळे हाच नेतात."

"इनटेक बंद किती डिग्रीला होतो?"

"ड्युरेशन 280 आहे सर."

ड्युरेशन म्हणजे व्हॉल्व्ह किती डिग्री उघडा राहतो ते. पण 280 कुठल्या लिफ्टला, म्हणजे व्हॉल्व्ह किती उचलल्यावर मोजलं? कोणी व्हॉल्व्ह जरासा हलला की मोजायला लागतं, कोणी 1 मिमी उचलल्यावर, कोणी 1.27 मिमीवर. एकच कॅम एका कागदावर 280 आणि दुसऱ्यावर 250 दिसू शकतो. हे विचारलं तर म्हणाला, टेक्निकलवाल्याला विचारून सांगतो. टेक्निकलवाला कधी जेवायला गेलेला, कधी गोडाऊनला. मग व्हॉट्सअॅपवर डायनोचा (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख आला. रेष झकास वर चढलेली, पण सुरुवातच चार हजारांपासून! सहाव्या गिअरमध्ये शंभरच्या वेगाला माझी गाडी साधारण चार हजारांवर असते. म्हणजे माझी निम्मी फिरस्ती त्या आलेखाच्या डावीकडे, कागदाबाहेर. खालचा भाग पाठवा म्हटलं, तर त्याने हात जोडल्याची इमोजी पाठवली.

आमचा मिस्त्री म्हणे, "भाऊ, काहून येवढं खोदून इचारता? घ्या ना एखादा." पण हाच आकडा कळीचा. व्हॉल्व्ह उशिरा बंद झाला की कमी आरपीएमला आत आलेलं मिश्रण पिस्टन वर येताना पुन्हा बाहेर ढकलतो. वरचा जोर वाढतो, खालचा जातो. ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ) जास्त असेल तर आयडलिंगही खडबडतं.

अखेर स्टेज टूच्या टायमिंग कार्डाचा फोटो आला. ट्यूबलाइटखाली काढलेला, कोपऱ्यावर ग्रीसचा अंगठा, आणि लिफ्टचा आकडा नेमका त्या अंगठ्याखाली. पण 1 मिमीवरचं टायमिंग वाचता आलं: पिस्टन माथ्यावर पोचायच्या 18 डिग्री आधी उघडतो, तळाला गेल्यावर 52 डिग्री नंतर बंद होतो. 18 अधिक 180 अधिक 52, म्हणजे 250. तोवर दुसऱ्या एका दुकानदाराने सौम्य कॅमचं कार्ड न मागता पाठवलं होतं, तेही 1 मिमीवरचं: 10 आणि 40, ड्युरेशन 230. बंद व्हायला 12 डिग्रीचा फरक. मी सौम्य घेतला. ज्याला आकडे सांगायची लाज नाही, त्याच्याकडूनच घ्यावा, असं माझं सरळ मत.

कुरिअर आमच्या पिनकोडला येत नाही, पार्सल यवतमाळहून आणलं. बसवताना मिस्त्रीने एक काम फार नीट केलं: व्हॉल्व्ह पिस्टनला आपटणार नाही ना, ते तपासलं. पोरांच्या खेळण्यातली चिकणमाती पिस्टनवर थापली, हेड (व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) बसवून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवलं, कारण तेवढ्यात कॅमचा एक फेरा होतो. मग हेड काढून व्हॉल्व्हचा ठसा ब्लेडने कापला आणि उरलेल्या मातीची जाडी मोजली. इनटेकला दीड, एक्झॉस्टला दोन मिमीपेक्षा कमी भरली असती तर त्या दिवशी काम थांबलं असतं. लिफ्ट वाढते तेव्हा स्प्रिंगही तपासा: पूर्ण उघडल्यावर वेटोळी एकमेकांना टेकता कामा नयेत. रॉकरवर (कॅमचा रेटा व्हॉल्व्हला देणाऱ्या भागावर) ओरखडे असतील तर नव्या कॅमखाली जुना रॉकर ठेवू नका.

आता तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ट्रॅक्टर मागे टाकताना गिअर पाडायची गरज बहुतेकदा पडत नाही. बायकोला फरक कळला नाही, मला कळला.

हो, फ्युएल मॅपिंगचे (किती पेट्रोल फवारायचं ते गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये बसवण्याचे) पैसे आधीच धरून ठेवा. इंजेक्शनच्या गाडीत कॅम बदलला की मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) होऊ शकतं, आणि आमच्या मे महिन्यातल्या उन्हात पातळ मिश्रणावर चाललेलं इंजिन भट्टीसारखं तापतं. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थोडं रनिंग झाल्यावर पुन्हा बघा, इंजिन पूर्ण थंड असताना. आणि पीयूसीची मुदत जवळ आली असेल तर ती मॅपिंगनंतरच काढा.