आठ इंचांची कमाल
आज दिवसभर फोर्डचा हायलँड पार्क कारखानाच डोक्यात घोळतोय. असेंब्ली लाइन म्हटलं की सरकती चासी (गाडीचा सांगाडा) आठवते, पण १९१३ मध्ये सुरुवात झाली ती मॅग्नेटोपासून, म्हणजे इंजिनातल्या ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागापासून. फोर्डच्या मॉडेल टी गाडीच्या फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या जड चाकावर) व्ही आकाराची १६ चुंबकं बसवायची. एकटा कामगार सगळं करायचा तेव्हा एका नगाला २० मिनिटं लागत. तेच काम २९ टप्प्यांत वाटल्यावर १३ मिनिटं १० सेकंद. पुढच्या वर्षी लाइन फक्त ८ इंच वर घेतली, वाकणं वाचलं आणि वेळ थेट ७ मिनिटांवर! लाइन सरकण्याचा वेगही असाच शोधावा लागला: मिनिटाला ६० इंच फार जलद, १८ फार संथ, ४४ वर जमलं. शेवटी नग ५ मिनिटांत. मला यंत्रांपेक्षा ही जुळणीच मोठी वाटते. चासीचं साडेबारा तासांचं कामही याच पद्धतीने ९३ मिनिटांवर आलं.