चौथऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं?

अंगावर घालायचं शिल्प म्हणून पितळी साज घडवायला दीड महिना लागला, पण डोक्यात बसलेत ते प्रदर्शनाच्या परवानगीसाठी हॉलच्या ऑफिसात घालवलेले अकरा दिवस.

मे 2022 मध्ये आमच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, नवरा गेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. तेव्हापासून मनात होतं. कोल्हापुरी साज म्हणजे बायकांचा गळ्यातला दागिना, त्याची एकवीस पानं मी पितळी पत्र्यात छातीभर मोठी केली. प्रत्येक पानावर फुटक्या बांगडीचा एक तुकडा, टोक बाहेरच्या बाजूला. घालणारीला नाही, अंगावर येणाऱ्याला टोचावं.

फॉर्मवर मी 'शिल्प' लिहिलं.

"चौथऱ्याचं माप?"

चौथरा नाही, बाई घालून उभी राहणार.

"मग हा फॅन्सी ड्रेस. कार्यक्रमाची परवानगी वेगळी."

दुसऱ्या टेबलावर तो दागिना ठरला. सराफाचं बिल आणा. अहो, पितळ आहे! "असू दे, बिल आणा." पत्र्याच्या दुकानातनं बिल आणलं, तर त्यावर 'पत्रा' लिहिलंय म्हणून नाकारलं. साहेब दोन दिवस रजेवर, तिसऱ्या दिवशी मीटिंगला. एकदा चिडून पिशवीतला साज काढला आणि तिथंच गळ्यात घातला. खिडकीतले म्हणाले, "ताई, जरा मागं सरा, टोचतंय." हेच तर पाहिजे होतं की मला!

हां, राहिलंच. तुम्ही असं काही घडवणार असाल तर वजन मानेवर घेऊ नका. साज घालून उभी राहणार होती माझी वहिनी; पावणेदोन किलोनं तिच्या मानेवर वळ उठले, मग कोल्हापूरच्या चप्पल लाइनीतनं, म्हणजे चपलांच्या बाजारातनं, खांद्यावरून पाठीत जाणारे चामडी पट्टे शिवून आणले. घामानं पितळ हिरवं पडतं, आतून खणाचं अस्तर लावा. आणि पत्रा ठोकून ठोकून कडक होतो, मध्ये मध्ये तापवून मऊ केला नाही तर कडेला चिरतो. माझी चार पानं गेली.

अकराव्या दिवशी वहिनीच सोबत आली. माझ्या हातातला पेन घेऊन चौथऱ्याच्या रकान्यात तिनं लिहिलं: 'माणूस. उंची पाच फूट एक इंच.' रकाना भरला, शिक्का बसला. बायकांच्या लढ्याचं शिल्प आणि कागदावर बाईच चौथरा! मला ते अजून खुपतं. तुम्ही अर्जाला साज अंगावर घातलेला फोटो जोडा, कदाचित एवढं होणार नाही.

उद्घाटनाला पाऊण तास झाला असेल. वहिनी हळूच म्हणाली, "वन्सं, चौथऱ्याला एक खुर्ची द्या की."