भुताला नियम हवा

गावाकडच्या कुठल्याही भुताची चौकशी करा, वर्णनाच्या आधी नियम ऐकायला मिळतो. अमक्या झाडाखालून तिन्हीसांजेला जायचं नाही. मागून हाक आली तर वळायचं नाही. भूत दिसतं कसं, हे दहा जण दहा तऱ्हांनी सांगतील. नियमाबद्दल सहसा वाद नसतो. लोककथेवरून भयपट करणाऱ्याने हाच भाग उचलायला हवा, आणि बहुतेक जण हाच टाकून देतात. रूप तेवढं घेतात: पांढरी साडी, मोकळे केस, पैंजण. मग ते भूत कुठेही, कधीही, काहीही करू शकतं. अशा भुताची भीती पहिल्या अर्ध्या तासातच सरते, कारण पात्राने नेमकं काय टाळायला हवं होतं हेच प्रेक्षकाला माहीत नसतं.

नियम जपला की काय होतं, ते ‘स्त्री’ या चित्रपटात (२०१८) बघा. त्यामागची अफवा मुळात कर्नाटकातली, १९९०च्या दशकात बंगळूर आणि आसपास पसरलेली. रात्री एक बाई ओळखीच्या आवाजात हाक मारते, दार उघडलं की माणूस गेला. उपाय काय, तर दारावर ‘नाळे बा’, म्हणजे उद्या ये, असं लिहायचं. ती वाचते, परत जाते, दुसऱ्या दिवशी येते, पुन्हा तेच वाचते. म्हणजे ही चेटकीण साक्षर आहे, वर शब्दाला जागणारी! अमर कौशिकच्या चित्रपटाने कथा मध्य प्रदेशातल्या चंदेरीला नेली, चेटकीण फक्त पुरुषांना उचलते असं केलं आणि उत्सवाचे चार दिवस आखून दिले. पण ती वाचते आणि ऐकते, याला हात लावला नाही. ती शिकलेली आहे, तिच्याकडे सगळ्यांची आधार कार्डं आहेत, हा विनोद त्याच नियमातून येतो. शेवटी भिंतीवरची ‘उद्या ये’ ही ओळ बदलून ‘रक्षा करना’ होते, तोही त्याच नियमाचा पुढचा टप्पा. नियम असा पक्का असला की विनोद आणि भीती एकाच प्रसंगात राहू शकतात.

‘तुंबाड’चं उदाहरण उलटं आहे. त्यातला शापित देव हस्तर कुठल्याही पुराणात नाही, तो चित्रपटाने घडवलेला. तरी अनेकांना ती जुनी कोकणी दंतकथा वाटते, कारण त्याची घडण लोककथेच्या व्याकरणाने झाली आहे. सोनं मिळालं, अन्न नाकारलं गेलं, म्हणून तो भुकेला. म्हणून कणकेची बाहुली टाकली की तिच्यावर तुटून पडतो, आणि तेवढ्यात त्याच्या लंगोटातल्या मोहरा काढायच्या. पिठाचं रिंगण ओलांडत नाही. एक बाहुली, एक हस्तर. आता अख्खा शेवट या हिशेबावर कसा उभा आहे बघा: जास्त मोहरांच्या हावेने जास्त बाहुल्या नेल्या, तितकेच हस्तर आले. पटकथाकाराला नवं संकट शोधावंच लागलं नाही.

‘मुंज्या’त (२०२४) पाया अस्सल आहे. मुंज झालेला आणि सोडमुंजीआधी गेलेला मुलगा, पिंपळावर राहणारा, लग्नाची इच्छा अपुरी राहिलेला. आदित्य सरपोतदारांनी ती अपुरी इच्छा कथेच्या मध्यभागी ठेवली, हे बरोबरच केलं. माझी तक्रार संगणकावर घडवलेल्या त्या प्राण्याबद्दल: तो फार लवकर आणि फार वेळ दिसतो. नुसत्या सळसळणाऱ्या पिंपळाखाली जो मुंजा होता, तो जास्त जवळचा होता.

जपानमध्ये १९७९ साली तोंड फाटलेल्या बाईची अफवा शाळकरी मुलांत पसरली. तोंडाला मास्क लावलेली बाई विचारते, मी सुंदर आहे का? हो म्हटलं तरी संकट, नाही म्हटलं तरी. सुटका म्हणजे ‘ठीकठाक’ असं अर्धवट उत्तर, किंवा ‘पोमेड’ हा शब्द पुन्हा पुन्हा म्हणणं. २००७च्या चित्रपटाने तिला मुलांना मारहाण करणाऱ्या आईची पार्श्वकथा जोडली. विषय जड झाला, पण त्या प्रश्नोत्तरातली खुमारी पातळ झाली.

आता ज्यांना दहा मिनिटांची शॉर्टफिल्म करायची आहे त्यांच्यासाठी. चकवा घ्या. नटाला मेकअप नको, संगणकी करामत नको. माणूस रात्री चालत राहतो आणि फिरून त्याच जागी येतो. सुटायचं तर जागीच बसून पहाट होऊ द्यायची. खूण एकच ठेवा: फुटका बांध, एखादा पार, मैलाचा दगड. ती तीनदा दाखवायची आणि तिन्ही वेळा कॅमेऱ्याची जागा, उंची, लेन्स तीच. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांखाली खुंट्या ठोकून ठेवा, नाहीतर दुसऱ्या रात्री फ्रेम जुळत नाही. पहिल्या दोन फ्रेम हुबेहूब सारख्या, तिसरीत एकच गोष्ट वेगळी: मघाशी विझलेला कंदील पारावर जळतोय. इथे बहुतेकांची चूक म्हणजे दुसऱ्याच फेरीला बदल दाखवणं. प्रेक्षकाची खात्री व्हायच्या आत बदललं, तर ते त्याच्या लक्षातच येत नाही.

सूर्य मावळल्यावर निळसर उजेड साधारण वीस-पंचवीस मिनिटं टिकतो. लांबचे शॉट त्यातच उरका, जवळचे नंतर दिव्यावर घ्या. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे २४ फ्रेमला १/४८ ठेवलं तर काही दिव्यांखाली चित्रावरून पट्टे सरकतात. दिवा समोरून मारू नका. झाडामागून मारला तर पानांच्या कडा उजळतात आणि पुढचा माणूस काळा राहतो. पाऊसही मागून उजेड असला तरच दिसतो.

रातकिड्यांनी पुष्कळांची फिल्म बिघडवली आहे. प्रत्येक शॉटमागे त्यांचा आवाज वेगळ्या पट्टीत लागतो आणि कट केला की दचका बसतो, तोही नको त्या जागी. म्हणून प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं नुसता परिसराचा आवाज घ्या आणि संपादनात तोच एक सलग खाली पसरा. संवाद शक्यतो नंतर डब करा. चकवा लागतो त्या क्षणी संगीत चढवू नका, रातकिडे तोडा.

हडळ करायचीच असेल तर उलटे पाय नटीला चिकटवू नका, हसू येतं. ठसे दाखवा. चिखल ओला हवा पण पाणी साचलेलं नको, नाहीतर कडा ढासळतात. नटीला अनवाणी, पाठमोरं चालत दारापासून लांब न्यायचं: ठसे घराकडे येताना दिसतात आणि ती मात्र लांब गेलेली असते. सरळ चालताना टाच आधी टेकते, मागे जाताना बोटं. त्यामुळे ठशात चवड्याकडची बाजू खोल उमटते आणि बघणाऱ्याला कारण न कळता खटकतं. टॉर्च जमिनीलगत, जेमतेम वीतभर उंचीवर आडवी धरा म्हणजे खळग्यांत सावली भरते; वरून उजेड टाकलात तर नुसता चिखल दिसेल. आणि हा शॉट एकाच टेकमध्ये निघाला पाहिजे, कारण चिखल परत सपाट करायला अर्धा तास जातो.